छापून कापणारे भाऊ

मी छापखान्याचा राजीनामा दिला, तेव्हा भाऊंनी तो लाल पेन्सिल घेऊन वाचला. दोन ठिकाणी ऱ्हस्वाचं दीर्घ केलं, खाली ‘दुरुस्त करून पुन्हा आणणे’ असं लिहिलं, सही केली, सहीखाली वेळ टाकली आणि कागद मला परत दिला. मी फणकाऱ्यानं घरी गेले. दुपारभर बसून सुवाच्य अक्षरात दुसरी प्रत काढली. ती इतकी देखणी उतरली की दुसऱ्या दिवशी भाऊंना दाखवायलाच गेले. त्यांनी ती वाचली, “आता बराबर हाये जी,” म्हणाले आणि फायलीला लावली. मी माझ्या खुर्चीवर जाऊन बसले. त्या राजीनाम्याचा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही, मीही नाही. म्हणजे कागदोपत्री पाहिलं तर पुढची अकरा वर्षं मी तिथे नोकरीला नव्हतेच.

राजीनाम्याचं कारण सांगितलं की माझी नातवंडं हसतात. तुम्हीही हसून घ्या. मी तेव्हा तरुण होते, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षांची. मुलांची लग्नं उरकली होती, कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकले होते आणि आपण कवयित्री आहोत असा मला दाट संशय होता. मोहाडीच्या बाजाररस्त्यावर भाऊंचा छापखाना होता. तिथे मजकूर बसवायचं काम मिळालं. लग्नपत्रिका आली की मी तिच्यात न विचारता चार ओळी घालत असे. बारशाच्या पत्रिकेत घातल्या, वास्तुशांतीच्या घातल्या. शेवटी एका तेरवीच्या पत्रिकेत घातल्या, तेव्हा भाऊंनी त्या काढून टाकल्या.

“बाई, मेलेल्या माणसानं तुमचं काय बिघडवलं होतं?” एवढंच म्हणाले.

भाऊ अंगानं काटकुळे. लोक खिशाला पेन लावतात, तिथे यांच्या खिशाला सहा इंची स्टीलची पट्टी. ती ते कुठेही काढत. पंगतीत बसले की आधी पोळी मोजत. घरी आलेली आमंत्रणं मोजत आणि कडेला वाकडं कापलेलं दिसलं तर ज्यानं छापली त्याला फोन करत. तलाव भरला असं कोणी सांगितलं की विचारत, “मोजलं का? किती बोटं खाली हाये?” वहिनी, म्हणजे त्यांची बायको, सांगायच्या की लग्नात सगळे मंगलाष्टकं म्हणत होते आणि हे अंतरपाटाच्या अलीकडून त्याची रुंदी अंदाजत होते. वहिनी किराण्याची यादी द्यायच्या, तिच्यावरही हे लाल पेन्सिलीनं ‘वाचले’ लिहून सही करत आणि मग मीठ आणायचं विसरत.

प्रूफाची सही हा मात्र विनोदाचा विषय नव्हता. त्यांच्या सहीशिवाय छापखान्यातून एक चिठ्ठीही बाहेर पडत नसे. गिऱ्हाइकाचीही सही घेत. गिऱ्हाइकाला वाचता येत नसेल तर भाऊ सगळी पत्रिका त्याला मोठ्यानं दोनदा वाचून दाखवत आणि मग अंगठा घेत. ती सगळी प्रुफं वर्षवार फायलींत लावलेली. मी एकदा म्हटलं, “भाऊ, रद्दी द्या ना हे.” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वहिनींना रद्दीत द्या म्हटलं होतं.

आणि कागद ते कानानं तपासत. रिमातून एक ताव उचलायचा, कानाशी झटकायचा, आवाज ऐकायचा. “आज पानी पेऊन हाये,” म्हणायचे. धानाच्या दिवसांत आमच्याकडे हवाच ओली. पोहे मऊ पडतात, काड्या पेटत नाहीत, आणि कागद फुगतो. फुगतो म्हणजे डोळ्याला दिसत नाही इतका. पण बिडीच्या कट्ट्याला गुंडाळायचं लेबल टोकाला टोक लागून बसायला हवं. केसभर लांब झालं तर एकावर एक चढतं, केसभर आखूड झालं तर चिकटत नाही. ओल्या दिवसांत आमची लेबलं थप्पीच्या थप्पी परत यायची.

त्यावर भाऊंनी यंत्र केलं. छापखान्याच्या मागच्या खोलीत, चार वर्षं. एक जुना, गुंडाळीवर छापणारा प्रिंटर घेतला, त्याच्या पुढे सुरी बसवली, सुरीला वहिनींच्या शिवणयंत्राचं चाक लावलं. (वहिनी वर्षभर त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलल्या.) प्रिंटर लेबलांची एक ओळ छापायचा आणि कागदाच्या कडेला एक काळी रेघ मारायचा. सुरीजवळ काळं-पांढरं ओळखणारा एक बारीक डोळा होता. त्याला रेघ दिसली की सुरी पडायची. एवढं दोन वर्षांत जमलं. पुढची दोन वर्षं खरी गोष्ट जमवण्यात गेली. सुरीजवळचा डोळा दोन रेघांमधलं अंतरही मोजायला लागला. अंतर वाढलं, म्हणजे कागद फुगला, की तो मागे प्रिंटरला निरोप धाडायचा: पुढची ओळ तेवढी आखूड छाप. मग लेबल बाहेर येताना नेमकं मापात.

मला यातलं काही कळत नव्हतं. पण कविता सुचली होती.

भाऊंना या यंत्राचं पेटंट हवं होतं, आणि ते का हवं होतं हे सांगायला हवं. पूर्वी त्यांनी पत्रिकांच्या घड्या घालायची एक लाकडी चौकट केली होती. शाई विकायला येणाऱ्या बाहेरगावच्या एका माणसानं तिचे कौतुकानं फोटो काढले. भाऊंनी त्याला चहा पाजला आणि मापंही सांगितली. दोन वर्षांनी तोच माणूस तीच चौकट, लोखंडात केलेली, भाऊंनाच विकायला आला. भाऊंनी पट्टी काढून ती मोजली. “बराबर हाये. एक सूतही फरक नाई,” म्हणाले आणि त्याला पुन्हा चहा पाजला. संध्याकाळी शटर ओढताना मला म्हणाले, “पुढच्या येळी कागद माह्या नावाचा राहीन.”

आता माझा पराक्रम.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, पाहुणे आणि मग नाटक. आंधळगावच्या मंडईतल्या नाटकाचं हँडबिल आम्ही छापत होतो, नेहमीच्या यंत्रावर. मागची बाजू कोरी जाणार, हे माझ्या कविमनाला सोसवलं नाही. मी वर मथळा टाकला, ‘मोहाडीत नवल: छापते आणि कापतेही’. भाऊंच्या वहीतून यंत्राचे दोन परिच्छेद उतरवले, आणि खाली माझ्या चार ओळी. जागा पुरेना. मग दुसरा परिच्छेद, जो मला भारी रटाळ वाटत होता, तो प्रुफावरच काटून टाकला. कविता बसली.

भाऊंनी प्रूफ वाचलं. एक अनुस्वार दुरुस्त केला. काटलेल्या परिच्छेदापाशी ‘गाळला, पाहिले’ लिहिलं. कवितेपाशी लिहिलं, ‘मात्रा कमी, चूक नाही’. सही, वेळ.

“छापू ना?” मी विचारलं.

“छापा जी. एकडाव छापून आलं म्हंजे आपलं झालं. मंग कोनी म्हनू शकत नाई का त्याचं हाये.”

जन्मभर छापखाना चालवलेल्या माणसाचीच ही समजूत असू शकते. छापलेलं ते पक्कं. आमच्याकडे कोणी नवी बैलजोडी आणली तरी आधी मंडईत फिरवून आणतो. पेटंट हवं असेल तर तोंड मिटून बसायचं असतं, हे आम्हाला कोण सांगणार? आंधळगावात ते हँडबिल हातोहात गेलं. लोकांनी पुढची बाजू वाचली आणि मागच्या बाजूवर भजी खाल्ली.

तीन महिन्यांनी भाऊंनी नागपूरच्या एका वकीलबाईंना गाठून अर्ज केला. बाई पोरसवदा, पण कामाला चोख. त्यांनी तेव्हा फोनवर विचारलं होतं, “मशीन कुठे दाखवली नाही ना?” फोन मी घेतला होता. मी छातीठोकपणे सांगितलं, “नाही जी. मागच्या खोलीत कुलपात आहे.” मशीन कुलपात होती हे खरंच. अर्ज दाखल होईपर्यंत भाऊंनी तिच्यावर एका गिऱ्हाइकाचंही काम घेतलं नव्हतं.

मग बरीच वर्षं काही नाही, आणि एक दिवस तपासणीचा अहवाल आला. भाऊंनी तो तीनदा वाचला. त्यात म्हटलं होतं की छापून कापणारी यंत्रं जगात आहेतच. छापणाऱ्यापुढे सुरी लावणं कोणाही जाणकाराला सुचेल. आणि ही दोन माहीत असलेली यंत्रं नुसती शेजारी ठेवली आहेत, प्रत्येक आपापलं काम करतं, त्यामुळे याला पेटंट देता येत नाही.

मला वाटलं भाऊ खचतील. ते ताडकन उठून छापखान्याला लागूनच्या घरात गेले, वहिनी आणि सून पोळ्या करत होत्या तिथे उभे राहिले. मी मागोमाग.

“सूनबाई लाटते, तू भाजतं,” ते वहिनींना म्हणाले. “दोघींचं काम येगळं हाये का?”

“येगळंच तर हाये,” वहिनी म्हणाल्या. “पीठ माह्या हाताले लागून हाये का?”

“पन काठ जाड आला त कोन सांगते?”

“मीच सांगतो. तव्यावर मले दिसते ना.”

“मंग सून काय करते?”

“पुढची पातळ लाटते. तुमाले पाहिजे का आता पोळी, का नुसतीच मोजाची हाये?”

भाऊ परत आले. खुर्चीत बसून म्हणाले, “लिहा बाई. सुरी आपलं आपलं काम करत नाई. सुरी छापनाऱ्याले सांगते, अन् छापनारा ऐकते. हे उत्तर हाये.”

उत्तर पक्कं करायला वकीलबाई स्वतः मोहाडीला आल्या. यंत्र पाहिलं, खूश झाल्या. मग चहा घेता घेता, भिंतीवरच्या तारेला टोचलेली जुनी हँडबिलं चाळू लागल्या. नाटकांची नावं वाचून हसत होत्या. एक हँडबिल त्यांनी सहज उलटलं आणि त्यांचं हसू थांबलं.

“हे केव्हाचं आहे?”

“आंधळगावच्या मंडईचं,” मी म्हटलं. “पुढे तारीख आहेच की. ती कविता माझी आहे.”

त्यांनी तारीख पाहिली. कप खाली ठेवला. “काका, हे आपल्या अर्जाच्या तीन महिने आधीचं आहे. रेघ मारली, रेघ दिसली की सुरी पडली, सगळं लिहून आहे इथे. तुम्हीच आधी लोकांना वाटून टाकलं तर ती गोष्ट नवी कशी म्हणायची? अर्जातला पहिला दावा तोच आहे.”

मागच्या खोलीत यंत्र टकटक चालू होतं. भाऊंनी त्यांना दाखवायला म्हणून सुरू केलं होतं.

“एकच होऊ शकतं,” वकीलबाई सावकाश म्हणाल्या. “तुम्हाला न विचारता कोणी छापलं असेल, तर कायद्यात थोडी जागा आहे.”

“मीच छापलं,” मी लगेच म्हटलं. “भाऊंना विचारलंच नव्हतं. मला कवितेची हौस होती ना.”

मी इतक्या सफाईनं खोटं बोलले की माझं मलाच कौतुक वाटलं. भाऊ उठले. कपाटातून त्या वर्षाची फाईल काढली, पानं उलटली आणि प्रूफ वकीलबाईंसमोर ठेवलं.

“सही माही हाये. येळ बी हाये. चार वाजून दहा मिनिटं.”

“काका, मी हे पाहिलंच नाही असं समजू का?”

“समजा ना. मंग तसं लिहून सही करा, पाहिलं नाई म्हून. येळ टाका.”

वकीलबाईंनी डोक्याला हात लावला. माझा मात्र तोल गेला. “भाऊ, फाडून टाका तो कागद. चार वर्षं घातलीत तुम्ही त्या खोलीत. माझ्या चार ओळींपायी सगळं घालवता का?”

“येवढ्या वर्सांत एक तरी प्रूफ फाडलं का मी?” ते म्हणाले. “गिऱ्हाइकानं खोटी तारीख सांगितली त हेच काढून दाखवतो मी त्याले. आज माहीच तारीख वाईट निंगाली, म्हून फाडू?”

मग त्यांनी तेच केलं, जे ते कोणत्याही संकटात करत. खिशातून पट्टी काढली. हँडबिलावरची माझी कविता मोजली. प्रुफावरचा काटलेला परिच्छेद मोजला. पुन्हा कविता मोजली.

“साडेतीन इंच,” म्हणाले. “हे बी साडेतीन इंच. बाई, तुमची कविता याच्या जागी बसली.”

“हो, जागा नव्हती म्हणून तो काढला. रटाळ होता.”

“त्याच्यात काय होतं, वाचा.”

मी वाचलं. सुरीजवळचा डोळा दोन रेघांमधलं अंतर मोजतो, आणि ते वाढलं असेल तर पुढची ओळ आखूड छापायला प्रिंटरला कळवतो.

वकीलबाईंनी माझ्या हातातून प्रूफ ओढून घेतलं. हँडबिल शेजारी धरलं. दोन्ही दोनदा वाचली. “हे बाहेर गेलंच नाही,” त्या म्हणाल्या. “पहिला दावा गेला, काका. पण हा आहे. अर्जात हा आपण पूर्ण लिहिलेला आहे, आणि बाजारात यातला एक शब्द गेला नाही.”

“मी जे वाटलं ते गेलं,” भाऊ म्हणाले. “ते लोकायचं. जे नाई वाटलं तेवढं द्या म्हना.”

त्यांनी अर्जाची प्रत घेतली, लाल पेन्सिलीनं स्वतःचा पहिला दावा आडवा काटला. दोन वर्षांची मेहनत होती ती. सही केली, वेळ टाकली. आणि हँडबिल उत्तरासोबत स्वतःहून जोडायला लावलं.

सुनावणी कॉम्प्युटरच्या पडद्यावर झाली. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून, खिशाला पट्टी लावून बसले, शेजारी वकीलबाई. मी कॅमेऱ्यात येणार नाही अशी मागे उभी. पडद्यावरचे साहेब मराठी होते, शांत आणि बारीक नजरेचे. भाऊंनी सांगितलेलं पोळ्यांचं उदाहरण त्यांना पटलेलं दिसलं. एकदा मान हलली. मग त्यांनी हँडबिल काढलं.

“हे तुम्ही स्वतःच सादर केलंय?”

“हो जी.”

“मागच्या बाजूचा खालचा भाग माझ्याकडे पुसट आलाय. तिथे काय आहे?”

वकीलबाई घुटमळल्या. “कविता आहे, सर.”

“वाचा.”

मी मागून दोन्ही हातांनी नको नको केलं. भाऊंनी चष्मा लावला आणि अंगठा घेण्याआधी गिऱ्हाइकाला वाचून दाखवत, तसं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून वाचलं:

“शाई लागे, कागद वाहे,
सुरी पुढे वाट पाहे,
छापून जाई, कापून येई,
मोहाडीचे नाव राही.”

आणि सवयीनं पुन्हा एकदा वाचलं.

साहेबांनी पेन उचललं. “सुरी वाट पाहे,” ते म्हणाले. “कशाची वाट पाहते? मागून काही कळण्याची? म्हणजे सुरी आणि छपाई यांच्यात काही देवाणघेवाण आहे, असं यातून सुचतं का?”

वकीलबाईंचा चेहरा उतरला. तसं ठरलं तर उरलेला दावाही गेला असता. सहा वर्षं कोणी त्या ओळीचा अर्थ लावला नव्हता, आणि पहिला अर्थ लावणारा माणूस पेटंट कार्यालयात निघावा?

भाऊ म्हणाले, “साहेब, लिहिनारी बाई इथंच हाये. तिलेच विचारा.” आणि खुर्ची बाजूला सरकवली.

मी पडद्यासमोर गेले. पदर सारखा केला. माझ्या सगळ्या आयुष्यात माझ्या कवितेबद्दल मला कोणी प्रश्न विचारला असेल तर तो हाच. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. वाट पाहण्याबद्दल मी एकदा महिला मंडळात वीस मिनिटं बोलले होते. मी भाऊंकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहत नव्हते. टेबलावरची पट्टी सरळ करत होते, जी आधीच सरळ होती.

“साहेब,” मी म्हटलं, “‘वाहे’ला यमक पाहिजे होतं. ‘पाहे’ सापडलं. अर्थ काही नाही.”

“काहीच नाही?”

“काहीच नाही जी. चारही ओळींत नाही.”

साहेबांनी लिहून घेतलं.

दोन महिन्यांनी निकालाचं पत्र आलं. एक दावा गेला, एक राहिला. पेटंट मंजूर. भाऊंनी पत्र आधी पट्टीनं मोजलं, समास पाहिले, मग वाचलं. वहिनींना हाक मारली आणि तुझ्या शिवणयंत्राला नवं चाक आणतो म्हणाले. शाईवाला पुढे एकदा आला, तेव्हा त्यालाही त्यांनी चहा पाजला आणि मागच्या खोलीत नेऊन यंत्र अगदी खुशाल दाखवलं. “काढा ना फोटो,” म्हणाले.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवशी दुपारचं. भाऊ मागच्या खोलीतून एक प्रूफ घेऊन आले आणि माझ्या टेबलावर ठेवलं. सोबत लाल पेन्सिल. निकालातलं एक वाक्य त्यांनी लेबलावर बसवलं होतं: ‘सदर काव्यातून या क्षेत्रातील जाणकार व्यक्तीस कोणताही बोध होत नाही.’

“हे काय?”

“तुमच्या कवितेवर सरकारनं लिहिलं, छापाले नको? वाचा. तुमचा विषय हाये, सही तुमचीच लागन.”

मी वाचलं. ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं. दोनदा पाहिलं, कारण एक तरी चूक सापडावी अशी माझी फार इच्छा होती. बाहेर हवा ओली होती आणि मागच्या खोलीत कागद फुगलेला असणार, पण ते लेबल आता केसभरही लांब येणार नव्हतं.

मी पेन्सिल घेतली. ‘मात्रा पूर्ण, चूक नाही. छापा.’ सही केली आणि वेळ टाकली.